कडी करणाऱ्याचं नाव

या, अशा पुढं सरकून बसा. खांबाला टेकलात तरी चालेल. बुवांना यायला अजून अवकाश आहे, मृदंगाला आत्ता कुठं कणीक लावतायत. तोवर एक गोष्ट सांगते. पुराणातली नाही, कोर्टातली आहे. पण देवळात बसून सांगायला मला संकोच नाही, कारण तिचं मूळ याच सभामंडपात, त्या पलीकडच्या खांबापाशी आहे. फक्त गोष्टीत एक कंपनी आहे, तिचं नाव मला विचारू नका. ते घेणार नाही असं मी लिहून दिलंय. आणि तसंही या गोष्टीत घेण्यासारखं नाव एकच आहे.

तर नोटीस आली तेव्हा मी डबा उघडून बसले होते.

"वैजूताई, आधी जेवून घ्या," उदय म्हणाला. "हे वाचल्यावर घास उतरायचा नाही."

उदय आरवाडे माझा भागीदार. हरभट रस्त्यावर एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमची कचेरी होती. पतसंस्थांसाठी संगणकाचे कार्यक्रम लिहायचे आणि ते चालू ठेवायचे, हा धंदा. खाली पितळी पातेल्यांचा खणखणाट, वर आमच्या पोरांच्या बोटांचा.

मी जेवता जेवताच वाचलं. मोठ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीच्या वकिलांनी कळवलं होतं की, 'कडी' या नावानं आम्ही जो सुरक्षेचा कोड इंटरनेटवर उघडा ठेवलाय तो त्यांच्या मालकीचा आहे, आम्ही तो चोरलाय, आणि तो वापरणाऱ्या प्रत्येक पतसंस्थेलाही ते अशीच नोटीस पाठवणार आहेत.

"चोर आपल्यालाच चोर म्हणतोय की ओ!" उदय म्हणाला.

कडी म्हणजे काय, ते सांगते. पतसंस्थेच्या संगणकावर कुणी काम करायला बसला की तो खरंच तोच माणूस आहे का, पासवर्ड दुसऱ्याचा तर नाही, आत कुणी फेरफार करून ठेवलाय का, हे बघणारा कोड. दाराची कडी असते तशी. आणि ती आम्ही उघड्यावर ठेवली होती. कुणीही घ्यावी, वापरावी, बदलावी, विकावीसुद्धा. अट एकच. करणाऱ्याचं नाव काढायचं नाही.

त्या कंपनीनं घेतली, नाव काढलं, स्वतःचं लावलं आणि विकली. इथपर्यंत मी गप्प बसलेही असते. पण आता ते म्हणत होते की मूळ त्यांचंच.

आमचे वकील खोतसाहेब. संध्याकाळी कोर्टाचा कोट खांद्यावर टाकून माडी चढून आले, तेव्हा धापा टाकत पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला.

"तारखा आहेत?"

उदयनं मान खाली घातली. आम्ही ज्या संकेतस्थळावर कडी ठेवली होती ते बंद पडलं. नव्या जागी हलवताना नुसत्या फायली हलवल्या गेल्या, मागचा सगळा इतिहास तिथंच बुडाला. नव्या जागेवरची तारीख त्या कंपनीच्या विक्रीच्या तारखेनंतरची दिसत होती.

"बरं, साक्षीदार?"

"मी आहे की," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही प्रतिवादी. तुमच्या शब्दाला तिथं वजन किती? ज्यानं लिहिलं तो कुठाय?"

"मिरजेला. कब्रस्तानात."

खोतसाहेबांनी खांद्यावरचा कोट खुर्चीवर ठेवला. मग त्यांनी खिशातून एक कागद काढला. समोरच्या वकिलांशी ते बोलून आले होते. खटल्याआधी मध्यस्थीची बैठक व्हायची होती, आणि तिथं मिटवायला ती मंडळी तयार होती. कडी इंटरनेटवरून काढून टाकायची. ती आमची नव्हे असं लिहून द्यायचं. मग ते आम्हाला तीच कडी वापरायचा परवाना फुकट देणार, पतसंस्थांनाही त्रास नाही.

"आपलीच म्हैस आणि आपल्यालाच दुधाचा परवाना," मी म्हटलं.

"चांगला सौदा आहे ताई," उदय हळूच म्हणाला. "पतसंस्थांना नोटिसा गेल्या की त्या आपल्याला दारात उभं करणार नाहीत. ही आतली पोरं कुठं जातील? नावच तर काढायचंय. आणि तो तर..."

"बोल की. तो तर काय?"

"तो तर गेला ना, ताई."

"म्हणूनच," मी म्हटलं. "तेवढं सोडून बोल."

जुबेर शिकलगार. बापाचं मिरजेत धार लावायचं दुकान. "बाप धार लावतो आणि पोरगा कुलपं घालतो," असं उदय त्याला चिडवायचा. आमच्याकडं आला तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं एवढंच. पण कोड असा लिहायचा की वाचताना मला सुबक रांगोळीची आठवण यायची, एक ठिपका जास्त नाही.

त्याची एक खोड होती. संध्याकाळी कचेरी बंद केली की तो कडी घालायचा आणि ती हलवून बघायचा. जिना उतरायचा, परत चढायचा, परत हलवायचा. एकदा तर मिरजेच्या बसमधून उतरून परत आला.

"अरे लेका," उदय म्हणाला होता, "कडी आहे ती. नवी नवरी नव्हे, पळून जायला."

"न हलवता घातलेली कडी म्हणजे दाराचा नुसता दागिना, उदयदादा."

त्यामुळं त्यानं संगणकातली कडी केली तेव्हा तिलाही हीच खोड लावली. दर वेळी सुरू होताना ती आधी स्वतःला हलवून बघायची. आपण शाबूत आहोत असं दिसलं तरच पुढं काम. नाहीतर ठप्प. पतसंस्थेचे व्यवस्थापक कुरकुरायचे, "सुरू व्हायला वेळ लावतीय तुमची कडी." जुबेर म्हणायचा, "साहेब, हलवून बघतीय ती. बघू द्या."

पुढं त्याला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली, आणि तिशीच्या आत गेला.

त्याच्या आईकडं, रजियाबींकडं, मी अधूनमधून जायचे. नोटिशीनंतरही गेले. सांगायचं नव्हतं, पण तोंडावर दिसलं असणार.

"चहा घेतल्याबिगर उठायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी बशी पुढं केली आणि विचारलं, "ताई, त्याचं नाव हाय न्हवं अजून तिथं?"

"आहे, खाला."

"कबरीवर आम्ही पाटी लावली न्हाई. साधी मातीच हाय. ह्यो म्हनायचा, अम्मी, माझं नाव लई ठिकानी हाय, तुला मोजता यायचं न्हाई." त्या हसल्या. "मी म्हटलं, मला वाचताच येत न्हाई, मोजतीय कुठली!"

मी बशीतला चहा संपवून उठले. परत आले आणि खोतसाहेबांना फोन केला. "मध्यस्थीला येते. सही करायला नाही, बोलायला येते."

"काय बोलणार?"

"ते तिथं."

खरं सांगायचं तर तोवर माझ्याही हातात काही नव्हतं. हातात होती फक्त हट्टाची मूठ. मग मी त्या नोटिशीला जोडलेली पानं काढून बसले. चोरी सिद्ध करायला त्यांनी त्यांचा कोड आणि आमचा कोड शेजारी शेजारी छापून पाठवला होता. पानं उलटता उलटता त्यांच्या बाजूची एक ओळ वाचली, आणि मला एकटीलाच इतकं हसू आलं की आतली पोरं डोकावून गेली. ती ओळ कुठली ते आत्ता सांगत नाही. बुवासुद्धा आख्यानातली गाठ आधी सोडत नाहीत.

पण त्या ओळीमुळं मला या सभामंडपातली एक संध्याकाळ आठवली, ती सांगते. तेव्हा केशवबुवा होते. एका एकादशीला देवळाचा कर्णा असा खरखरायला लागला की बुवांचा आवाज कुठला आणि खरखर कुठली कळेना. मी जुबेरला बोलावून घेतलं. तो आला, त्या खांबापाशी यंत्र उघडून बसला, दुरुस्त केलं, आणि मग उठलाच नाही. परत बिघडेल म्हणून बसलो, असं म्हणाला. संपूर्ण कीर्तन मांडी न मोडता ऐकलं. शेवटी साखरफुटाणे हातावर घेताना बुवांना म्हणाला,

"बुवा, एक विचारू का? गाता तुम्ही, घाम तुमचा, पण दर गाण्याच्या शेवटी नाव दुसऱ्याचंच. स्वतःचं कधी लावत नाही?"

लोक बघायला लागले. बुवा मात्र खूश झाले. "अरे, चाल माझी, गळा माझा. शब्द त्यांचे. कुणीही गावं, कुठंही गावं, कुणाची परवानगी नको. पण शेवटच्या चरणातलं नाव गाळायचं नाही. गाळलं की अभंग पोरका होतो."

"म्हणजे तुमचं लायसन आमच्यासारखंच आहे की!"

"असेल बाबा. चांगली गोष्ट दोन ठिकाणी सुचते."

"आणि कुणी नाव गाळलंच तर?"

बुवांनी मागं उभ्या टाळकऱ्यांकडं बोट केलं. "मग हे थांबतात. ह्यांच्या कानाला सवय असते, नाव आल्याशिवाय ह्यांचा शेवटचा टाळ पडतच नाही. माझी काय बिशाद पुढं जायची!"

जुबेरनं साखरफुटाणे तोंडात टाकले आणि कितीतरी वेळ नुसता टाळकऱ्यांकडं बघत राहिला.

मध्यस्थीची बैठक कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत होती. मधे निंबाळकर साहेब, निवृत्त न्यायाधीश, चष्मा कपाळावर. पलीकडं त्या कंपनीचे वकील आणि त्यांचे तांत्रिक प्रमुख सबनीस, समोर उघडा लॅपटॉप. अलीकडं खोतसाहेब, उदय आणि मी. उदयनं घरून निघताना देवाला नारळ कबूल केला होता, मी सही करावी म्हणून!

सबनीस गोड माणूस. "मॅडम, आम्हाला कुणाला दुखवायचं नाही. दोन्ही कोड बघा, ओळीला ओळ जुळते. आमची तारीख आधीची आहे. आता भावना बाजूला ठेवू या."

"ठेवू की," मी म्हटलं. "ओळीला ओळ जुळते हे मला कबूल आहे."

उदयनं सुस्कारा टाकला. खोतसाहेबांनी माझ्याकडं चमकून पाहिलं.

"मला एकच विचारायचंय. तुमची कडी सुरू होताना स्वतःला तपासून बघते का?"

"अर्थातच. त्यासाठीच तर लोक घेतात."

"दाखवा बरं."

सबनीसांनी लॅपटॉप वळवला. कळा दाबल्या, खाली वर केलं, आणि त्यांची बोटं थांबली. "ही तपासणी... बंद केलेली दिसतेय. वेग वाढवायला केली असेल."

"मग आता चालू करा."

"त्याचा इथं काय संबंध?" त्यांचे वकील म्हणाले.

निंबाळकर साहेबांनी चष्मा नाकावर घेतला. "करा की हो चालू. सुरक्षेचीच तर भानगड आहे."

सबनीसांनी चालू केली. पडद्यावर लाल ओळ आली आणि सगळं ठप्प झालं.

"काय म्हणतंय ते?" साहेबांनी विचारलं.

"उत्तर जुळत नाही म्हणतंय," मी म्हटलं. "साहेब, सोपं आहे. ही तपासणी करताना कडीला एक ठरलेलं वाक्य देतात. त्या वाक्यावर ती आपलं गणित करते आणि एक लांबलचक आकडा काढते. आकडा ठरलेल्या उत्तराशी जुळला तर कडी शाबूत. वाक्यातला एक शब्द जरी हलला तर आकडा पार बदलतो. यांच्याकडं उत्तर बरोबर आहे. यांनी प्रश्न बदललाय."

"म्हणजे?"

"त्यांच्याच नोटिशीला जोडलेल्या पानात ते वाक्य आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिलंय, पण मराठी आहे. सबनीससाहेबांनाच वाचू द्या. कोड त्यांचा आहे ना."

सबनीसांनी पान घेतलं. मनात वाचलं आणि पान उपडं ठेवलं. निंबाळकर साहेबांनी हात पुढं करून पान ओढून घेतलं आणि खणखणीत आवाजात वाचलं: "ही कडी मिरजेच्या..." पुढं कंपनीचं नाव होतं. "...ने केली. घ्या, वापरा, बदला. घातल्यावर हलवून बघा, आणि नाव गाळू नका."

मग पान खाली ठेवून सबनीसांकडं पाहिलं.

"तुमची मिरजेत शाखा आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही," सबनीस म्हणाले.

"कारखाना? गोदाम? पाहुणे?"

"नाही साहेब."

उदयला ठसका लागला. खोतसाहेबांनी त्याच्यापुढं पाणी सरकवलं, पण त्यांचे स्वतःचेही खांदे हलत होते.

"कुणीतरी बसून एक नाव शोधलं," मी म्हटलं, "आणि एका फटक्यात जिथं जिथं सापडलं तिथं स्वतःचं घातलं. मधली मराठी वाचलीच नाही. मिरज तशीच राहिली. पण वाक्य बदललं म्हणून कडी अडून बसली, सुरूच होईना. उत्तर नव्यानं काढून घालता आलं असतं. पण सुरक्षेतलं उत्तर बदललं की कोड तपासायला येणाऱ्या तपासनिसाला कारण द्यावं लागतं, आणि कारण काय देणार? म्हणून वेगाचं निमित्त सांगून तपासणीच बंद करून टाकली."

"हा निव्वळ तर्क आहे," त्यांचे वकील म्हणाले.

"मग करून बघा ना! सबनीससाहेब, तुमचंच यंत्र, तुमचेच हात. तुमच्या कंपनीचं नाव काढा आणि मी सांगते ते घाला. बाकी एका अक्षराला हात लावू नका."

सबनीस वकिलांकडं बघत राहिले. वकिलांनी मान नाही अशी हलवली.

"इथं कुणावर जबरदस्ती नाही," निंबाळकर साहेब म्हणाले. "पण नाही केलंत तर बाई हेच कोर्टात करायला सांगतील. तिथं माझ्यासारखा म्हातारा नसतो, आणि दारं उघडी असतात."

सबनीसांनी कंपनीचं नाव पुसलं. मी सांगितलं, "जुबेर शिकलगार." ती इंग्रजी अक्षरं आमच्या कोडमध्ये होती तशीच मी एक एक करून घालायला लावली. त्यांनी कळ दाबली.

पडद्यावर हिरवी ओळ आली. कडी सुरू झाली.

मला टाळकरी आठवले. नाव आल्याशिवाय ज्यांचा शेवटचा टाळ पडत नाही ते. पोरानं त्या दिवशी साखरफुटाणे खात खात त्यांनाच संगणकात नेऊन उभं केलं होतं, आणि मला कधी बोलला नव्हता.

निंबाळकर साहेब मात्र हसत नव्हते. "सबनीस, म्हणजे ज्या ज्या संस्थांनी तुमच्याकडून ही कडी घेतली, तिथं इतकी वर्षं..."

"लागलेली दिसत होती, साहेब," मी म्हटलं. "हलवून कुणी बघत नव्हतं."

सबनीसांचा चेहरा तेव्हा खरा उतरला. माणूस वाईट नव्हता. मला वाटतं, त्याच्या डोळ्यांपुढं त्या सगळ्या संस्थांची दारं आली असतील.

ते दोघं बाहेर जाऊन आले. वकिलांनी नवा सौदा मांडला. दावा नाही, नोटिसा परत. आम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल चांगली रक्कम. आमच्या बाजूनं फक्त मौन, आणि नावाच्या जागी 'इतर सहकारी' असा उल्लेख.

रक्कम ऐकून उदयनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

"इतर सहकारी म्हणजे कोण?" मी विचारलं. "इतर सहकाऱ्याच्या आईला मी काय सांगू? खाला, तुमचा पोरगा आता इतर झाला?"

"मॅडम, प्रॅक्टिकल व्हा."

"झाले की. रक्कम तुमच्याकडंच ठेवा. तुमच्या कंपनीचं नाव मी कुठं घेणार नाही, तुम्ही म्हणाल तसं लिहून देते, मला त्या नावाची गोडी नाही. पण माझं मागणं दोनच गोष्टींचं. तपासणी आजपासून चालू, सगळ्या संस्थांत. आणि त्याचं नाव जिथं होतं तिथं, तुम्ही विकाल त्या प्रत्येक कडीत. यातलं एक जरी कमी केलंत, तर मी कोर्टात उभी राहते. कचेरी विकून उभी राहते. उदय, पाय काढ."

उदयनं पाय काढला. आणि मग, हे मी कधी विसरणार नाही, तोच उदय पुढं झुकून म्हणाला, "कचेरीत निम्मी मालकी माझी आहे. माझी पण विकायची तयारी आहे."

निंबाळकर साहेबांनी त्यांच्यापुढं कोरा कागद सरकवला. "लिहा. बाई थांबतील असं मला वाटत नाही."

लिहून झालं, सह्या झाल्या. मी तिथून थेट मिरजेची बस धरली. रजियाबींना सगळं सांगितलं. मुद्दा त्यांना कितपत कळला कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे नाव काढलं की दार उघडतच न्हाई?"

"नाही उघडत, खाला."

"बरं केलं पोरानं," त्या म्हणाल्या आणि पदरानं बशी पुसत बसल्या.

ते बघा, वीणा आली. बुवा चपला काढतायत. आता मला गप्प बसलं पाहिजे.

एवढं मात्र करा. आज घरी गेलात की दाराची कडी घालाल. घातली की एकदा हलवून बघा. लागलेली असली, की निजण्याआधी एकदा मनात म्हणा, जुबेर शिकलगार, मिरजेचा.